मध्यंतरात बाहेर

नाट्यपरीक्षकाचं निम्मं काम प्रेक्षागृहाच्या बाहेर होतं. मध्यंतरात चहा-वड्याच्या रांगेत लोक काय बोलतात, पहिल्या अंकानंतर कोण हळूच घड्याळ बघतं, कोण अनोळखी माणसाला थांबवून "काय काम केलंय हो तिनं!" म्हणतं, हे कानावर पडलं की नाटक आपण एकट्यानं पाहिलेलं राहत नाही. त्यानं आपलं मत बदलतंच असं नाही. पण ज्या सातआठशे माणसांबरोबर आपण अंधारात बसलो होतो, त्यांचा अंदाज येतो. मराठी नाटकांवर लिहायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली, आणि या निम्म्या कामाला मी जवळजवळ सगळा काळ मुकत आले आहे.

लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, दोन्ही हातांत कुबड्या आणि पुण्यात हिंडायला साइड व्हील लावलेली स्कूटर. या स्कूटरनं मला नोकरी दिली, शहर दिलं. पण ती नाट्यगृहाच्या पार्किंगपर्यंतच येते. तिथून पुढे पायऱ्या. मी पहिल्या घंटेच्याही आधी पोचते, कारण गर्दी सुरू झाली की कुबडी कुणाच्या ना कुणाच्या पायात येते. डोअरकीपर ओळखीचे झालेले असतात. ते मायेनं बसवतात, कुबड्या खुर्चीखाली सरकवून ठेवतात. त्यानंतर मी उठायचं ते सगळं नाट्यगृह रिकामं झाल्यावर. मध्यंतरात रांगेतून निघून, पायऱ्या उतरून बाहेर पोचेपर्यंत परतीची घंटा होते. म्हणून मी बसून राहते. कोणीतरी कागदात वडा आणून देतं. पाणी मात्र मी पीत नाही, कारण स्वच्छतागृह एक तर खालच्या मजल्यावर असतं, नाहीतर उंच उंबऱ्यापलीकडे. अपंग बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात लंडनला भाचीकडे गेले, ते एका मासिकासाठी तिथल्या रंगभूमीवर लिहायचं ठरवून. निघण्याच्या आधीपासून खांदे दुखत होते. पोलिओनं काही चेतापेशी मेल्या की उरलेल्या पेशी त्यांचं काम अंगावर घेतात, आणि तीसचाळीस वर्षांनी त्याही थकतात. पोस्ट-पोलिओ म्हणतात ते हे. आपल्याकडे पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे हा आजार संपला असं सगळे धरून चालतात. आम्ही ज्यांना तो आधीच होऊन गेला, ते अजून आहोत आणि आता म्हातारे होत आहोत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, की चालता येतं म्हणून प्रत्येक ठिकाणी चालायचं हे आता सोडा. जिथे खरंच लागेल तिथेच पावलं खर्च करा.

भाची म्हणाली, "मावशी, तुला इथे मोबिलिटी स्कूटर भाड्यानं मिळेल." स्कूटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझी पुण्यातलीच उभी राहिली. ही वेगळी. बॅटरीवर चालणारी, चार छोट्या चाकांची, फिरती खुर्ची बसवलेली, पुढे एक दांडा आणि त्यावर हँडल. ब्रिटनमध्ये फुटपाथवरून चालवायच्या स्कूटरला ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर वेगाची मर्यादा आहे आणि तिला परवाना लागत नाही. रस्त्यावर चालणारी मोठी जात ताशी आठ मैलांची. तिची नोंदणी करावी लागते.

तिकडे शॉपमोबिलिटी नावाची सोय गावोगावच्या बाजारपेठांत आहे. पहिली 1980 च्या सुमारास मिल्टन कीन्झ या नव्यानं वसवलेल्या गावात सुरू झाली. खरेदीला आलेल्या माणसानं तिथे स्कूटर किंवा चाकाची खुर्ची घ्यायची, दिवसभर वापरायची आणि परत द्यायची. कल्पना फार चांगली आहे. पण ती बाजाराच्या वेळांना बांधलेली आहे. संध्याकाळी दुकानं मिटली की त्यांचीही खिडकी मिटते. नाटक सुरू होतं त्याच्या नंतर. अपंग माणूस दिवसा खरेदी करील, दवाखान्यात जाईल, हे अनेकांच्या मनात येतं. तो रात्री नाटकाला जाईल, हे पटकन येत नाही. म्हणून आम्ही घरपोच स्कूटर आणून देणाऱ्या एका खाजगी दुकानाकडून ती काही आठवड्यांसाठी घेतली. अनामत रक्कम, ओळखपत्र, विमा, सगळं रीतसर.

स्कूटर घेऊन आलेल्या माणसानं इमारतीच्या आवारात मला चालवायला लावलं. हँडलच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी पट्टी असते. उजव्या अंगठ्यानं दाबली की पुढे, डाव्यानं दाबली की मागे. अंगठा सोडला की गाडी आपोआप थांबते आणि ब्रेक लागतो. वेगळा ब्रेक शोधावा लागत नाही. वेगाच्या चकतीवर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला. त्यानं तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. फुटपाथच्या कडेवरून तिरकं उतरायचं नाही, सरळच उतरायचं. बसण्या-उठण्याआधी किल्ली काढायची, कारण पदराचा किंवा पिशवीचा धक्का पट्टीला लागला की गाडी पळते. आणि रोज रात्री चार्जिंगला लावायची, बॅटरी अर्धी असली तरी. तो मला शिकवत होता, भाचीला नाही. भाची शेजारी उभी असूनही त्याची नजर सतत माझ्याकडे होती. ज्यांनी दवाखान्यात आणि कचेऱ्यांत "यांना काय होतंय?" हा प्रश्न आपल्या डोक्यावरून सोबतीच्या माणसाला विचारलेला ऐकलाय, त्यांना याचं मोल कळेल.

तिकीट नॅशनल थिएटरचं काढलं होतं, लिटलटन प्रेक्षागृहातलं. संकेतस्थळावर अपंग प्रेक्षकांसाठी वेगळी नोंदणी असते. मी लिहून कळवलं, की स्कूटरनं येणार आहे, काही पावलं चालता येतात. उत्तरात प्रश्न आले. स्कूटरची लांबी-रुंदी किती? त्यावरून साध्या खुर्चीवर सरकून बसता येईल का, की स्कूटरवरच बसून राहायचंय? पायरी चढता येते का, किती? आणि शेवटी, मध्यंतरात स्कूटर तुमच्या जागेपाशी आणून हवी का?

हा शेवटचा प्रश्न मी बराच वेळ बघत राहिले. नाटक पाहायला आत येता यावं, इथवर माझी मागणी आयुष्यभर थांबलेली होती. मध्यंतरात मला बाहेर जायचं असेल, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाकडे मागितलं नव्हतं.

भाची म्हणाली, "मी येते ना सोडायला." मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल; पण नाटकाला सोबतीशिवाय जाणं हे माझ्या कामाचं मूळ होतं आणि ते मला नीट कधी करताच आलं नव्हतं. सोबत असली की बोलणं सोबतीशीच होतं.

भाचीच्या घरून, केनिंग्टनहून, नॅशनल थिएटर दोनेक किलोमीटर. केनिंग्टन रोडनं सरळ, मग बेलिस रोड. ज्या लिलियन बेलिस यांचं नाव या रस्त्याला आहे, त्यांनी 1912 पासून ओल्ड विक हे नाट्यगृह चालवलं, आणि रस्ता संपतो तो ओल्ड विकच्याच जवळ. 1818 मध्ये बांधलेली ही वास्तू. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली नॅशनल थिएटरची मंडळी 1963 पासून 1976 पर्यंत, स्वतःची इमारत होईतो, इथेच प्रयोग करत होती. वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेलं ते नाट्यगृह मी स्कूटर थांबवून, मान वर करून, मनसोक्त पाहिलं. कुबड्यांवर असताना असं थांबणं परवडत नाही. थांबलं की खांद्यांवर भार येतो, म्हणून मुक्कामावर पोचायचं एवढंच डोक्यात असतं. बसल्या बसल्या रस्त्यात रेंगाळता येणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती.

तिथले फुटपाथ सगळे गुळगुळीत आहेत असं कोणी समजू नये. चौकात फुटपाथची कड रस्त्याला मिळेल अशी उतरती केलेली असते आणि तिथे उंचवट्यांच्या फरशा असतात, अंध माणसाला पायांनी कळावं म्हणून. रस्ता ओलांडायच्या खांबावर बटणाच्या पेटीखाली एक छोटा शंकू असतो. माणसांसाठी हिरवा दिवा लागला की तो फिरू लागतो, म्हणजे ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्यालाही हाताला कळतं. हे सगळं आहे. पण भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकली लोक फुटपाथवर आडव्या टाकून जातात. द कट नावाच्या रस्त्यावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी पबबाहेर माणसांचे घोळके उभे होते. मी थांबून "एक्स्क्यूज मी" म्हणायची, ते बाजूला व्हायचे, पुन्हा पाच पावलांवर दुसरा घोळका. एका ठिकाणी उतरत्या कडेसमोरच मोटार लावलेली. तेव्हा मागे जाऊन दुसरी कड शोधण्यात वेळ गेला. अशा वेळी कळतं, की पन्नास ठिकाणी केलेली सोय एकाच ठिकाणी अडली की सगळा रस्ता बंद होतो. कुबड्यांवर मी ती पायरी कशीबशी उतरले असते. स्कूटर उतरत नाही.

कॉर्नवॉल रोडनं रेल्वेपुलाखालून नदीकडे गेलं की नॅशनल थिएटर येतं. डेनिस लॅसडन यांनी रचलेली ही काँक्रीटची इमारत 1976 मध्ये सुरू झाली. अनेकांना ती अजिबात आवडत नाही. मला आवडली, आणि जवळून तर फारच. काँक्रीट ओतताना वापरलेल्या लाकडी फळ्यांच्या रेषा भिंतींवर जशाच्या तशा उमटलेल्या आहेत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला त्या नीट दिसतात. आत तीन प्रेक्षागृहं आहेत, आणि बाहेरच्या मोकळ्या जागांना, फॉये आणि गच्च्यांना, लॅसडन चौथं थिएटर म्हणत. तिकीट नसलेला माणूसही दिवसभर तिथे येऊन बसू शकतो. एका नाट्यगृहाच्या रचनाकारानं लोक जमण्याच्या जागेला रंगमंचाइतका मान दिला, यानं मी भारावून गेले. आपल्याकडे फॉये म्हणजे तिकिटाची खिडकी आणि वड्याचा काउंटर यांच्यामध्ये उरलेली जागा.

लिफ्टनं वर गेले. दारावरच्या मुलीकडे माझं नाव होतं. कडेच्या खुर्चीवर मी सरकले, कुबड्या जवळ ठेवल्या आणि ती स्कूटर बाहेर घेऊन गेली. रांगांमधल्या वाटेत ती ठेवता येत नाही. आग लागली तर वाट मोकळी हवी. चाकाच्या खुर्च्यांच्या जागाही म्हणूनच मोजक्या असतात, कारण अडचणीच्या वेळी त्यांतल्या प्रत्येकाला बाहेर कोण आणि कुठून काढणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. स्कूटरची हीच अडचण आहे. ती चाकाच्या खुर्चीपेक्षा लांब असते आणि वळायला जागा जास्त घेते. रस्त्यावर आणि फॉयेत तिच्यासारखं वाहन नाही, पण प्रेक्षागृहात तिला जागा मिळणं कठीण. ज्यांना खुर्चीवर सरकता येत नाही त्यांनी स्कूटर घेताना याचा विचार आधी करावा.

नाटकाचं परीक्षण मी दुसरीकडे लिहिलं आहे. इथे मध्यंतराचं सांगते.

पहिला भाग संपला, दिवे लागले आणि ती मुलगी स्कूटर घेऊन दारात हजर. मी माणसांच्या लोंढ्याबरोबर, त्याच वेगानं, बाहेर पडले. त्या आधी मी गर्दीत असे ती सगळ्यांत हळू चालणारी म्हणून, आणि माझ्यामागे रांग साचते या जाणिवेनं मान खाली घालून. आता मान वर होती. आधी स्वच्छतागृहात गेले. रुंद दार, भिंतीला धरायच्या दांड्या, जमिनीपर्यंत लोंबणारी मदतीची लाल दोरी. मग पाणी प्यायले. नाटकाच्या मध्यंतरात मी पोटभर पाणी प्यायले हे वाक्य छापायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

आइस्क्रीमच्या रांगेत उभी, म्हणजे बसलेली, होते. तिकडे मध्यंतरात छोट्या डब्यांतलं आइस्क्रीम खायची रीत आहे. चमचा झाकणाच्या आतच असतो. माझ्यापुढच्या दोन वयस्क बायका नायिकेच्या आवाजाबद्दल बोलत होत्या. एकीचं म्हणणं, की ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली उतरते, त्यामुळे मागच्या रांगेला शेवटचा शब्द कळत नाही. मी पुढच्या रांगांत असल्यानं हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. एक तरुण त्याच्या मैत्रिणीला सांगत होता, की त्याचे वडील अगदी या नाटकातल्या बापासारखे आहेत, आणि ती त्याचा हात धरून ऐकत होती. कठड्यापाशी एक गृहस्थ एकटेच कार्यक्रमपत्रिका वाचत होते. त्यांना मी विचारलं, कसं वाटतंय? त्यांनी पत्रिका मिटली आणि आम्ही परतीची घंटा होईपर्यंत बोललो. नेपथ्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा बरंच अधिक कळत होतं. ते म्हणाले ते सगळं मला पटलं नाही, पण दुसरा भाग मी त्यांच्या आक्षेपांसकट पाहिला आणि म्हणून जास्त बारकाईनं पाहिला. माझ्या लेखातला नेपथ्याबद्दलचा परिच्छेद या बोलण्यामुळे लिहून झाला.

एवढी वर्षं मी परीक्षणं लिहिली ती प्रामाणिकपणे लिहिली. पण ती एका खुर्चीवरून लिहिली. "प्रेक्षकांचा प्रतिसाद" असं मी लिहीत असे तेव्हा माझ्याजवळ हशा आणि टाळ्या एवढंच असायचं. अपंगांसाठी सोय म्हटली की उतार, लिफ्ट, राखीव जागा यांची चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. पण नाटकाला जाणं म्हणजे नुसतं नाटक दिसणं नव्हे. लोकांत मिसळणं, वाद घालणं, बाहेर पडल्यावर रेंगाळणं, हे धरून ते नाटकाला जाणं होतं. सोय करणाऱ्यानं माणसाला खुर्चीपर्यंत पोचवून हात झटकले, तर अर्धा प्रेक्षक बाहेरच राहिला.

लंडनमध्ये सगळीकडे असं नाही. वेस्ट एंडमधली पुष्कळ नाट्यगृहं व्हिक्टोरिया राणीच्या किंवा त्यानंतरच्या काळातली आहेत. त्यांत रस्त्याच्या पातळीवर बहुधा सज्जा येतो, आणि आपण ज्याला तळमजला समजू तो स्टॉल्सचा भाग जमिनीखाली असतो. 1874 मधलं क्रायटेरिअन तर जवळजवळ सगळंच जमिनीखाली आहे. सज्जात बसायलाही खालीच उतरायचं. अशा एका जुन्या नाट्यगृहात मला सांगण्यात आलं, की स्कूटर आत ठेवायला जागाच नाही. तो बेत सोडला. जुन्या वास्तूंना हात लावण्यावर निर्बंध असतात हे खरं. पण ड्रुरी लेनचं जुनं थिएटर रॉयल मोठी दुरुस्ती होऊन 2021 मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा त्यात बिनापायऱ्यांच्या वाटा करता आल्या. 1995 चा अपंगत्व भेदभावविरोधी कायदा आणि नंतरचा 2010 चा समानता कायदा मागे नसता तर हे किती झालं असतं, शंकाच आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम 2017 मध्ये आले. मुदत 2022 मध्ये संपली. सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्कही त्याच कायद्यात स्वतंत्र कलमानं लिहिलेला आहे. सुगमतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. तरीही मी पुण्यात परतल्यावर पाहिलेल्या पहिल्या नाटकाला डोअरकीपरनीच मला दंडाला धरून वर चढवलं आणि मध्यंतरात मी जागेवरच होते.

भाड्याची स्कूटर उद्या पुण्यात मिळाली तरी तिला चालायला फुटपाथ नाही, हे मला माहीत आहे. ते काम महापालिकेचं आहे आणि ते लांबचं आहे. पण निर्माते, व्यवस्थापक आणि नाट्यगृहांचे अधिकारी यांना उद्याच करता येईल असं बरंच काही आहे. प्रवेशदारापाशी एक साधी चाकाची खुर्ची ठेवा, तिच्या चाकांत हवा भरलेली असू द्या आणि मध्यंतरात ती प्रेक्षकाच्या रांगेपाशी आणा. रांगेच्या कडेची एखादी खुर्ची काढता येईल अशी बसवा. तळमजल्यावरच्या एका स्वच्छतागृहाचा उंबरा काढा. मध्यंतर पाच मिनिटांनी वाढवा. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेले तुमचे निम्मे प्रेक्षकही दुवा देतील. आणि वर्तमानपत्रात प्रयोगाची जाहिरात देता, तिथे कलाकारांच्या नावांखाली एक ओळ वाढवा. या नाट्यगृहाला पायऱ्या किती, लिफ्ट आहे की नाही, आणि आधी फोन करायचा तर कोणत्या नंबरवर. एवढं छापलंत तर आम्ही तिकीट काढून येऊ.